मशीन घेत नाहीये

लष्करी छावणीच्या गेटावर ओळखपत्र तपासणारं यंत्र बसवलं, याला माझी हरकत नाही. छावणीत कोण शिरतंय हे छावणीला कळलंच पाहिजे. माझी हरकत आहे ती यंत्राने कार्ड नाकारल्यावर जे घडतं त्याला. त्या क्षणी गेटावर उभ्या असलेल्या कोणाच्याही हातात काही उरत नाही. कार्डवाला उन्हात, पहारेकरी केबिनमध्ये, आणि दोघांच्या मधे एक लाल दिवा. सैन्यात उभी हयात काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘तू कोण?’ असं एका काचेने विचारावं आणि त्याचं उत्तर ऐकून घेण्याचा अधिकार तिथल्या एकाही माणसाला नसावा, हे मला सोसवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी जयपुरात राहते. सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या साताऱ्याकडच्या रीतीने मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. माझ्या नवऱ्याची नोकरी इथे, म्हणून दोघंही म्हातारपणी गाव सोडून आमच्याकडे आली. साताऱ्याच्या माणसाला सैन्य नवं नाही. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा मुलुखातून आलेल्या माणसाला छावणी परकी वाटत नाही. उलट परमुलखात आल्यावर आपलं म्हणावं असं पहिलं ठिकाण तेच असतं.

आणि जयपूर तर सैन्याचं मोठं ठाणं. दक्षिण-पश्चिम कमांड २००५ साली उभी राहिली, तिचं मुख्यालय इथे. घोड्यांवरची ६१ कॅव्हलरी इथलीच. उत्तरेला शेखावाटी, म्हणजे झुंझुनू आणि सीकरचा भाग. तिथे बाप, मुलगा, नातू असे तिघेही फौजी असलेली घरं गावोगाव आहेत. तिकडची साफा बांधलेली म्हातारी माणसं मोठ्या दवाखान्यासाठी जयपूर गाठतात. त्यांच्या रांगेत आमचे मामा पांढरी टोपी घालून उभे असतात. भाषा वेगळी, टोपी वेगळी, पण हातातला प्लास्टिकचा तुकडा सारखाच आणि त्याच्यापुढचं संकटही सारखंच. ज्या गेटाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव देत नाही. एका गेटाला बोल लावून काही साधणार नाही, आणि तिथल्या पोरांशी माझं भांडणही नाही.

माजी सैनिक छावणीत हौसेने जात नाही. तो औषधाला जातो. माजी सैनिकांची आरोग्य योजना, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. वर्गणी भरून घेतलेली ही आयुष्यभराची सोय आहे, कुणी दिलेली खैरात नव्हे. तिचं पॉलिक्लिनिक छावणीच्या हद्दीत असलं, की प्रत्येक गोळीच्या आधी गेट येतं. रक्तदाबाची आणि साखरेची औषधं ठरावीक दिवसांची मिळतात, ती संपली की पुन्हा गेट. कॅन्टीनचा किराणा आणायचा तरी गेट. पाकिटात म्हणून कार्डांची थप्पी बाळगावी लागते: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेलं माजी सैनिकाचं ओळखपत्र, ईसीएचएसचं कार्ड, कॅन्टीनचं कार्ड, आधार आणि पॅन. शिवाय पेन्शनच्या हुकुमाची, म्हणजे पीपीओची, घड्या पडलेली झेरॉक्स. एका माणसाची ओळख इतक्या ठिकाणी लिहिलेली असताना ती एकाही ठिकाणी पुरी पडू नये, हे समजायला मला कठीण जातं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. कार्ड वाचणारा डबा केबिनच्या खिडकीशी बसवलेला आहे. सकाळचं ऊन वर आलं की थेट त्याच्या काचेवर पडतं. कार्डावरचा क्यूआर कोड त्या उजेडात चकाकतो आणि यंत्राला तो दिसत नाही. पहाऱ्यावरचा जवान डावा तळवा काचेवर आडवा धरून सावली करतो आणि उजव्या हाताने कार्ड पुढे-मागे सरकवतो. मग ते पँटला पुसतो, तिरपं धरतो, उलटं करून पुन्हा सुलटं धरतो. मामांच्या कार्डाला पाकिटात राहून राहून बाक आला आहे, कोडाच्या एका कोपऱ्यावर किल्लीचा ओरखडा आहे. कधी डबा पिपाणीसारखा वाजतो आणि दांडा वर जातो. कधी लाल दिवा लागतो.

लाल दिवा लागला की अंगठा. मामांनी निवृत्तीनंतर गावी ऊस आणि आलं केलं. खुरपं, माती आणि खतं यांनी अंगठ्याच्या रेघा गुळगुळीत झाल्या आहेत. ते टोपी काढतात, अंगठा केसांत फिरवून थोडं तेल घेतात आणि मग काचेवर ठेवतात. ही युक्ती आत्यांनी गावच्या रेशन दुकानात शिकून घेतलेली. दुकानात ती बरेचदा चालते, गेटावर कमी चालते. साफेवाल्या आजोबांचंही तेच. त्यांच्या बोटांनी आयुष्यभर बाजरी कापली आहे.

‘साब, मशीन नहीं ले रही,’ जवान म्हणतो.

या वाक्यातला पहिला शब्द नीट पाहावा. तो मामांना ‘साब’ म्हणतो. म्हणजे समोरचा माणूस जेसीओ, सुभेदाराच्या वर्गातला अधिकारी, होता हे त्याला कळलं आहे. मामांची उभं राहायची पद्धत, बोलण्यातले पलटणीचे शब्द, नंबर विचारताच एका दमात सांगितलेला आर्मी नंबर, यावरून त्याने माणूस ओळखला आहे. पहारा देणाऱ्याला जे शिकवतात ते त्याने चोख केलं आहे. पण ती ओळख चालत नाही. ती कुठे नोंदवायची सोय नाही, तिच्यावर दांडा वर जात नाही. ओळखून झालेल्या माणसाला तो बाजूला थांबायला सांगतो, आणि हे सांगताना त्याचा चेहरा उतरलेला असतो. या यंत्राने म्हाताऱ्यांचा जितका अपमान केला आहे तितकाच त्या तरुण जवानाचाही केला आहे, असं माझं मत आहे. त्याच्या हातात बंदूक द्यायला आपण तयार आहोत, पण दोन कार्डं ताडून निर्णय घेण्याचा विश्वास त्याच्यावर टाकायला तयार नाही.

‘बाजूला’ म्हणजे कुठे, तेही सांगायला हवं. मे-जूनमध्ये जयपुरात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, दुपारी लू वाहते. बाजूला म्हणजे डांबरी रस्त्याची कड. तिथे छप्पर नाही, बाक नाही. गाड्यांसाठी लोखंडी अडथळे आहेत, माणसं त्यांना टेकतात आणि चटका बसला की परत सरळ होतात. भाड्याची रिक्षा आत सोडत नाहीत, ती आम्हाला उतरवून निघून गेलेली असते. म्हणजे कार्ड चाललं तरी दवाखान्यापर्यंतचा रस्ता पायीच तुडवायचा आणि नाही चाललं तर तिथेच उभं राहायचं. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडे निघालेल्या माणसाची ही व्यवस्था आहे.

मोबाइलचं तर कोडंच आहे. तो गेटावर जमा करायचा आणि बिल्ला घ्यायचा. आत गेल्यावर खिडकीवरचा मुलगा सांगतो, ‘ओटीपी आया होगा, बताइए.’ ओटीपी जमा केलेल्या मोबाइलवर आलेला असतो. मी परत गेटावर जाते, बिल्ला देते, मोबाइल घेते, आकडा कागदावर उतरवते, मोबाइल जमा करून पुन्हा आत येते, तोवर त्या आकड्याची मुदत संपलेली असते. मोबाइल नको हा नियम मला पटतो. ओटीपी हवा हाही पटतो. दोन्ही नियम करणाऱ्यांनी एकदा एकत्र बसून चहा प्यावा, एवढीच मागणी आहे.

पण मराठी घरांचं खरं दुखणं नावाचं आणि तारखेचं आहे, आणि त्याबद्दल कुठे फारसं बोललं जात नाही. यंत्र अक्षरं जुळवतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की त्याच्या लेखी तो दुसरा माणूस. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग. भरतीच्या वेळी कुणा कारकुनाने आडनाव आधी लिहिलं, कुणी मधलं नाव गाळलं. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजी अक्षरांत आपण ‘डी-एन-वाय-ए’ने सुरू करतो. हिंदी मुलुखात तेच नाव ‘जी-वाय-ए’ने सुरू होतं. एका कार्डावर एक, दुसऱ्यावर दुसरं. आत्यांचं नाव लग्नात बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ‘बाई’ गाळलेलं. जन्मतारखेची तर कहाणीच आहे. आमच्या पिढीपर्यंत गावच्या मास्तरांनी शाळेत घालताना सरसकट १ जून लिहिली. पुढे आधार काढताना ज्यांच्याकडे दाखला नव्हता, नुसतं साल सांगता आलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या नावापुढे १ जानेवारी लागली. एकाच माणसाचे दोन वाढदिवस झाले, आणि दोन्ही खोटे. माणसाला हे सांगितलं तर तो हसून पुढे जाऊ देईल, यंत्राला सांगायची सोयच नाही.

सैन्यात या दुरुस्तीची रीत ठरलेली आहे. प्रतिज्ञापत्र करायचं, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, कागद रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचे, आणि बदल नोंदवला गेला की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या नोंदीचा अधिकृत हुकूम, निघतो. कुठल्याही वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींचं पान उघडा. आर्मी नंबर, हुद्दा, गाव, आणि मग ‘माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव चुकीचं नोंदलं गेलं आहे’ अशा मजकुराच्या चौकटी तिथे हमखास दिसतात. त्यातली कित्येक नावं लिहिताना चूक कारकुनाची झालेली असते, खर्च जवानाचा होतो. वकिलाची फी, जाहिरातीचे पैसे, हेलपाटे, हे सगळं निवृत्तीनंतर, पेन्शनवर. आणि ती दुरुस्ती एका कार्डात उतरली तरी बाकीच्या कार्डांना त्याचा पत्ता नसतो. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज. विधवांचे हाल तर विचारू नका. ज्याच्या नावाने सगळे कागद, तोच सही करायला राहिलेला नसतो.

सुरक्षेचं कारण पुढे केलं की सगळे गप्प बसतात, म्हणून त्याबद्दलही बोलते. २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, तेव्हा अतिरेकी हद्दीची भिंत ओलांडून आत शिरले होते. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला जम्मूजवळ नगरोट्याला जे आले ते पोलिसांच्या गणवेशात होते, हातबाँब टाकत आणि पहाऱ्यावर गोळीबार करत शिरले. तिथे आपण सात जण गमावले. त्यांत पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी होते, नांदेड जिल्ह्यातले लान्स नायक संभाजी कदम होते. ज्या घरांनी ही माणसं दिली त्यांच्यापैकी कोणी ‘गेटावर तपासणी नको’ असं म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. गणवेश पाहून कुणाला आत सोडू नये हा धडा रक्ताने लिहिलेला आहे. पण या दोन्ही घटनांमधून भिंत, कुंपण, पहारा आणि पहाऱ्यावरच्या माणसाची नजर पक्की हवी असं शिकायला मिळतं. सत्तरी ओलांडलेल्या सुभेदाराच्या कार्डावरच्या ओरखड्याने ती नजर पक्की होत नाही. उलट गेटावर माणसं साठली, हुज्जत सुरू झाली, की पहारेकऱ्याचं लक्ष रस्त्यावरून उडतं आणि डब्यावर खिळतं. सुरक्षेच्या दृष्टीने पाहिलं तरी हे चुकीचं आहे.

आणि दुसरा मार्ग ठेवता येत नाही असंही नाही. सरकारच्याच बाकीच्या यंत्रणांनी तो ठेवला आहे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. तेव्हापासून कष्टकऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत ही तक्रार देशभर झाली, आणि हळूहळू डोळ्याची बुबुळं, मग चेहरा, असे पर्याय आले. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचं पाहा. ‘जीवन प्रमाण’ २०१४ मध्ये सुरू झालं तेव्हा बोट किंवा बुबुळ लागत असे. २०२१ च्या नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. आणि हे काहीच जमलं नाही तर अजूनही कागदावर सही करून तो देता येतो. पैसे देताना सरकार एवढी सवलत ठेवतं, मग दवाखान्यात सोडताना का नाही?

जयपूरचा विमानतळ घ्या. सांगानेरच्या त्या विमानतळावर २०२३ पासून डिजियात्रा आहे, चेहरा दाखवला की फाटक उघडतं. मात्र ती ऐच्छिक आहे. शेजारीच जुनी रांग चालू आहे, तिथे सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र हातात घेऊन पाहतो आणि सोडतो. विमानतळाची सुरक्षा काही कमी मोलाची नाही. अमेरिकेच्या लष्करी तळांवरही कार्ड यंत्रानेच वाचतात, पण ते छोटं यंत्र पहारेकऱ्याच्या हातात असतं. तो गाडीपाशी येतो, कार्ड वाचतो, पडद्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहतो. यंत्र हातात असलं की ऊन टाळायला कार्ड फिरवता येतं आणि म्हाताऱ्याला गाडीतून उतरावं लागत नाही. इतका साधा फरक आहे.

१५ जानेवारी २०२६ ला सैन्यदिनाचं संचलन जयपुरात झालं, आणि तेही छावणीबाहेर, जगतपुऱ्याच्या महाल रोडवर. आदल्या वर्षी ते पुण्यात होतं. सैन्य लोकांच्या रस्त्यावर उतरलं याचा मामांना फार आनंद झाला. त्यांनी टीव्हीसमोर उभं राहून सलामी दिली, आत्या ‘बसा आता’ म्हणाल्या तरी बसले नाहीत. मी हे मुद्दाम सांगते आहे. सैन्याबद्दल या माणसांच्या मनात काडीचीही कटुता नाही. गेटावर तासभर उभं केलं तरी घरी येऊन मामा एवढंच म्हणतात, ‘पोरांचा दोष नाही गं, ऑर्डर आहे.’ ही माणसं तक्रार करणार नाहीत, कारण तक्रार न करण्याचीच त्यांना सवय लावलेली आहे. म्हणून ती त्यांच्या घरच्यांनी करायला हवी.

मागणी फार मोठी नाही. यंत्राने कार्ड नाकारलं तर गेटावरच्या एनसीओला, म्हणजे नायक-हवालदाराला, दोन ओळखपत्रं आणि चेहरा ताडून, वहीत नोंद करून, सही घेऊन सत्तरीपुढच्या माणसाला आत सोडण्याचा लेखी अधिकार द्या. गरज वाटली तर सोबत एक जवान पाठवा. डब्यावर उन्हासाठी एक पत्रा ठोका. बाजूला थांबवायचं असेल तर तिथे छप्पर, बाक आणि पाण्याचा माठ ठेवा. राजस्थानात वाटसरूसाठी प्याऊ, म्हणजे पाणपोई, बांधणाऱ्यांची कमतरता नाही, नुसती परवानगी दिली तरी कोणी तरी बांधून देईल. नावाची दुरुस्ती एकदा मंजूर झाली की ती सगळ्या कार्डांत आपोआप उतरावी, आणि चूक कचेरीची असेल तर खर्चही कचेरीनेच करावा.

आणि ज्यांच्या घरी माजी सैनिक किंवा त्याची विधवा आहे त्यांना एक सांगणं. पीपीओ, आधार, ईसीएचएसचं कार्ड आणि पॅन आज टेबलावर शेजारी शेजारी मांडा. नावाचं प्रत्येक अक्षर, आडनावाची जागा आणि जन्मतारीख ताडून पाहा. फरक दिसला तर प्रतिज्ञापत्र आणि अर्ज आत्ताच सुरू करा, जवान स्वतः सही करू शकतो तोवर. मागाहून ते काम फार अवघड होतं.